गिअरबॉक्सवाले कदम

गिअरबॉक्समध्ये तेलाचा थेंब नव्हता.

हे वाक्य आज मी सहज लिहिते आहे, पण ज्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिलं त्या दिवशी मला ते खरंच वाटलं नव्हतं. किला गेटजवळच्या त्या पत्र्याच्या छपराखाली आम्ही पाच-सहा जण उभे होतो. चारच दिवसांपूर्वी त्या गाडीचं तेल बदललं होतं, आणि तेही कदमकाकांच्या हातून. ग्वाल्हेरात ज्यांच्या भरवशावर लोक गाडी सोडून खुशाल निघून जात, त्या कदमकाकांच्या हातून.

मी लष्कर भागातल्या एका शाळेत गणित शिकवते. आमच्या शाळेत माणसं थोडी आणि कामं फार. कोणाकडे वाचनालय, कोणाकडे स्नेहसंमेलन, तशी माझ्याकडे मुलांच्या व्हॅनची जबाबदारी आली. पाच व्हॅन, पाच ड्रायव्हर, आणि मला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात एका व्हॅनचा दुसरा गिअर पडेना. सकाळच्या थंडीत तर ड्रायव्हर रामसेवक दोन्ही हातांनी दांडा ओढायचा. तोच म्हणाला, "मैडम, किले गेट चलते हैं. गिअरबॉक्सवाले कदम के पास."

दुकान रस्त्यापासून जरा आत होतं. वर पत्रा, दारात कडुनिंब, आणि मागे आभाळ अडवून उभी असलेली किल्ल्याची भिंत. बाहेर हिंदीत पाटी : 'यहाँ केवल गियर बॉक्स का काम होता है.' त्यातल्या 'केवल'खाली लाल रंगाची जाड रेघ. कोणी इंजिनाचं किंवा ब्रेकचं काम घेऊन आलं की काका काही बोलत नसत, नुसते पाटीकडे बोट दाखवत.

साठी ओलांडलेला, उंच, ताठ माणूस. अंगात पांढरा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. गाडीखालून निघालेला मिस्त्री आणि पांढरा सदरा, हे मला काही जुळेना. पुढे ओळख झाल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "काळा घातला की डाग दिसत नाहीत, बाई. मग माणूस डाग पडू देतो."

मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा खुलला. माधवगंजात राहते म्हटल्यावर आणखी खुलला. "आमचे पणजोबा सातारकडून फौजेबरोबर आले. ते घोड्यावरून आले, आम्ही गाडीखाली गेलो," असं म्हणून स्वतःच हसले. माझ्याशी मराठी, रामसेवकशी हिंदी, आणि गाडीशीही हिंदीच. पाना लावताना ते गाडीशी पुटपुटत असत. "हाँ, हाँ, खुल जा." मी हसले तेव्हा त्यांनी गंभीरपणे खुलासा केला, "गाडी इथलीच ना, बाई. तिला मराठी कुठून समजणार?"

त्या पहिल्या दिवशी त्यांनी आधी गाडीला हातच लावला नाही. रामसेवकला म्हणाले, चल, एक चक्कर मार. स्वतः शेजारी बसले, मी मागे. बसल्या बसल्या डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपले. दोन वळणं गेल्यावर डोळे न उघडताच म्हणाले, "बायाँ हाथ उठा."

रामसेवक दचकला. त्याचा डावा हात गिअरच्या दांड्यावर विसावलेला होता.

"गिअर पड़ गया, अब हाथ स्टिअरिंग पर. तू ऊपर आराम करता है, अंदर वाला घिसता है."

दुकानात परत आल्यावर त्यांनी तेल सोडलं. आधी वरचं बूच उघडलं, मग खालचं. मी गणिताची बाई. क्रम दिसला की कारण विचारते. "खालचं आधी उघडलं आणि वरचं गंजून बसलेलं निघालं तर?" ते म्हणाले. "तेल तर गेलं. भरायची वाटच बंद. म्हणून आधी भरायची वाट मोकळी करायची, मग सोडायचं." तेल त्यांनी एका पांढऱ्या कल्हईच्या थाळीत घेतलं आणि थाळी उन्हात सरकवली. काळ्या तेलात सोनेरी कण चमकायला लागले. इतकं सुंदर दिसत होतं ते, की मी म्हणाले, "अरे वा!"

"वा नाही, बाई. हे पितळ आहे. आत पितळेच्या रिंगा असतात, दोन गिअरांची गाठ घालून देणाऱ्या. त्या झिजून झिजून तेलात आल्या." त्यांनी चिमटीत तेल घेऊन चोळलं, वास घेतला. "जळलेलं पण आहे. किती वर्षं बदललं नाही?"

मला माहीत नव्हतं. रामसेवकलाही नाही.

"कोणालाच माहीत नसतं," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. "इंजिनाच्या तेलाची सगळे विचारपूस करतात. त्याला काडी असते. काढली, पुसली, बघितली. ह्याला काडी नाही. आत किती आहे ते बाहेरून कळत नाही. वरच्या भोकात बोट घालून बघणारा माणूस लागतो."

आणि तो माणूस ते होते. नवीन तेल भरायचं ते भोकातून ओघळायला लागेपर्यंत. मग ओघळ थांबला की करंगळी आत घालायची, पहिल्या पेरापर्यंत ओली झाली की ती करंगळी गिऱ्हाइकाला दाखवायची, आणि मगच बूच आवळायचं. कामाला हात घालण्याआधी तेलाच्या डब्यावर खडूने गाडीचा नंबर लिहायचा. काम झालं की रिकामा डबा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. या सगळ्यात मी आठ वर्षांत कधी फरक पडलेला पाहिला नाही. आमच्या पाचही व्हॅन त्यांच्याकडे जायला लागल्या आणि माझी निम्मी काळजी मिटली.

त्यांचा हट्टीपणा शहरात प्रसिद्ध होता. फळीवर लोणच्याच्या दोन बरण्या असत, दोन्हींत तेल आणि तेलात एकेक पितळी रिंग. मी तिथे असतानाच एकदा एक कंत्राटदार आला, हातात महागाच्या तेलाचा डबा घेऊन. म्हणाला, सगळ्यांत ताकदीचं तेल आणलंय, हेच घाला. काकांनी डबा वाचला आणि परत त्याच्या हातात दिला. "ये पिछले धुरे का तेल है. आपके गिअरबॉक्स में नहीं जाएगा." कंत्राटदार चिडला. महाग तेल वाईट कसं असेल? काकांनी दोन्ही बरण्या त्याच्यासमोर ठेवल्या. एकीतली रिंग पिवळीधमक होती, दुसरीतली काळवंडलेली. "दोनों एक ही दिन डाली थीं. ये काली वाली आपकी ताकत है." जास्त दाबासाठी त्या तेलात जो मसाला घालतात तो लोखंडाला वाचवतो, पण पितळेला खातो, असं त्यांनी मला मागाहून समजावलं. कंत्राटदार ताडताड निघून गेला. पुढच्या आठवड्यात त्याचा ड्रायव्हर मुकाट्याने गाडी सोडून गेला, तेलाच्या डब्याशिवाय.

आणखी एक प्रसंग मी स्वतः पाहिला आणि थक्क झाले. महाराज बाड्यावर मी भाजी घेत होते. भर गर्दीत कदमकाका एका टेम्पोसमोर दोन्ही हात पसरून उभे. आत दहा-बारा माणसं कोंबलेली, मागे हॉर्नचा कल्लोळ, ट्रॅफिकचा शिपाई शिट्टी फुंकून लाल झालेला.

"सवारी उतारो!" काका ओरडत होते. "सब उतरो! ये गाड़ी पाँच मिनट में बैठने वाली है."

टेम्पोवाला म्हणाला, पागल हो क्या? काका म्हणाले, "तेरा गिअरबॉक्स चीख रहा है और तू गाना सुन रहा है!" लोकांनी शिव्या दिल्या, एक बाई छत्री उगारून आली, पण ते हलले नाहीत. शेवटी टेम्पो कडेला घ्यावाच लागला. काकांनी पांढऱ्या सदऱ्यानिशी रस्त्यावर आडवं होऊन वरचं बूच उघडलं, आत बोट घातलं, आणि कोरडं बोट बाहेर काढून शिपायाला दाखवलं. नुसतं दाखवलं. शिपायाची शिट्टी बंद झाली. त्यांनी समोरच्या दुकानातून स्वतः तेल आणून भरलं आणि कडेला ठेवलेल्या आपल्या भाजीच्या पिशव्या उचलून, तेल लागलेला सदरा घालून, चालत घरी गेले. त्यांच्या अंगावर डाग मी त्या एकाच दिवशी पाहिला.

घरी त्यांची मुलगी सुनंदा. आई गेल्यावर तिनेच घर धरलेलं, बाड्याजवळच्या एका ऑफिसात नोकरी करायची. संध्याकाळी दुकानावर यायची आणि बापाला म्हणायची, "चला पप्पा, बंद करा ना आता." काका म्हणायचे, "झालं, एवढं बूच लावतो." त्यांचं 'एवढं बूच' तासभर चालायचं. ती कडुनिंबाखाली बसून मोबाइल बघत राहायची, तक्रार न करता.

मागच्या दोनेक वर्षांत मला काही गोष्टी दिसल्या होत्या. दिसल्या, पण मी त्यांचा अर्थ लावला नाही. ते मला एकदा सोडून तीनदा माझ्या मुलाची इयत्ता विचारायचे. कधी मला दुसऱ्याच कुणा बाईंच्या नावाने हाक मारायचे. त्यांच्या डाव्या तळहातावर बॉलपेनने काहीतरी लिहिलेलं असायचं, नंबर, अक्षरं. मी विचारलं तर मूठ मिटून म्हणाले, "काही नाही, सामान आणायचंय." वय झालं, असं मी म्हटलं. आपण असंच म्हणतो.

तो शनिवार होता. रामसेवकची व्हॅन तेल बदलायला दिली होती आणि दुपारी शाळेच्या कार्यक्रमासाठी ती मला हवी होती. रामसेवकला घेऊन मी वेळेआधीच दुकानात पोचले. काका गाडीखाली होते. थाळीत जुनं तेल पडलेलं. मी गेले ती बोलायलाच लागले. माझ्या मुलाला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि मला कोणाला सांगू आणि कोणाला नको असं झालं होतं. काका गाडीखालून बाहेर आले, हात पुसले, "वा, वा, बसा ना," म्हणाले, चहा मागवला. आम्ही पुण्याबद्दल बोललो. सातारला त्यांचं कोणी उरलंय का, याबद्दल बोललो. मग मी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "काका, झालं का हो? उशीर होतोय."

"झालंच," ते म्हणाले. पुन्हा खाली गेले, दोन्ही बुचं आवळल्याचा आवाज मी ऐकला. रामसेवकने गाडी काढली.

त्या दिवशी त्यांनी करंगळी दाखवली नाही. रिकामा डबा दिला नाही. आणि मलाही मागायचं सुचलं नाही.

सोमवारी सकाळची फेरी करून आल्यावर रामसेवक स्टाफरूमच्या दारात आला. "मैडम, गाड़ी रो रही है."

"म्हणजे?"

"गिअर में से आवाज आ रही है. पतली-सी. ऊँ-ऊँ."

मी वह्या तपासत होते. मान वर न करता मी म्हणाले, "परसों ही कदमकाका के यहाँ से आई है. नया तेल है. बैठ जाएगी आवाज."

कदमकाकांचं नाव ऐकल्यावर तो काय बोलणार? तो "हओ मैडम" म्हणून गेला.

दुपारी मुलांना सोडताना टेकडीवरच्या नव्या वसाहतीत शेवटची मुलगी उतरली. तिला उतरवून पाच मिनिटंही झाली नव्हती. व्हॅन उतारावर होती आणि गिअरबॉक्स आतल्या आत जॅम झाला. मागची चाकं जागच्या जागी बसली, गाडी फिरली आणि नाल्याच्या दगडी कठड्यावर आदळली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार आत घुसलं. रामसेवकला बाहेर काढायला लोकांना पाऊण तास लागला. उजवा पाय गुडघ्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे मोडला होता.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती : पाच मिनिटं. आधीच्या पाच मिनिटांत गाडीत ती मुलगी होती, तिच्या आधीच्या वळणावर आणखी चार.

शाळेच्या मॅनेजरसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकलं की चूक रामसेवकची. उतारावर वेग होता, गाडीकडे लक्ष नव्हतं. पोलिसांतही तसंच लिहून द्यायचं ठरत होतं. विम्याच्या माणसाला मात्र गिअरबॉक्स उघडलेला पाहायचा होता. कोणाकडून उघडायचा? मॅनेजरच म्हणाले, "कदम से. उनकी बात कोई नहीं काटेगा."

म्हणून बुधवारी सकाळी आम्ही किला गेटला जमलो. मॅनेजर, विम्याचा माणूस, एक पोलीस, रामसेवकची बायको, मी. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती आली होती. ती मला एवढंच म्हणाली, "मैडम, उन्होंने आपको बताया था न?" मी तिच्याकडे पाहिलं आणि उत्तर दिलं नाही. हे मला लिहायलाच हवं. मी उत्तर दिलं नाही.

गिअरबॉक्स गोणपाटावर ठेवलेला होता. काकांनी बाह्या दुमडल्या. आधी वरचं बूच उघडलं. करंगळी आत घातली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. करंगळी बाहेर आली ती कोरडी.

ते त्या करंगळीकडे बघत राहिले. मग थाळी सरकवली, खालचं बूच उघडलं. थाळीत काहीच पडलं नाही. बुचाच्या चुंबकाला लोखंडाचा कीस मात्र मिशीसारखा चिकटला होता. त्यांनी झाकण उघडलं. आतले गिअर तापून निळेजांभळे झालेले, बेअरिंगचा चुरा झालेला. एवढं भयानक दृश्य आणि रंग मात्र मोरपिसासारखे.

"लीकेज," विम्याचा माणूस म्हणाला.

मॅनेजर लगेच म्हणाले, "यही तो. नीचे तेल टपक रहा था, ड्राइवर ने देखा ही नहीं. लापरवाही."

रामसेवकची बायको खाली बसली. पोलिसाने वही काढली.

काकांनी खांद्यावरचं पांढरं फडकं घेतलं आणि गिअरबॉक्स बाहेरून पुसला. सगळ्या बाजूंनी, सावकाश. फडकं वर धरलं. त्याच्यावर धूळ होती, नुसती धूळ.

"गळलं असतं तर तेलावर माती चिकटून थर झाला असता," ते माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की बाकीच्यांना कळलेलं नाही. तेच हिंदीत सांगितलं. "लीकेज नहीं है."

"फिर तेल गया कहाँ?" पोलिसाने विचारलं.

काका उठले. आत गेले. आतून डबे सरकवल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मला वाटलं जाऊन बघावं. तेवढ्यात ते बाहेर आले. हातात तेलाचा डबा होता. त्यांनी तो आमच्या मधोमध ठेवला. झाकणाचं सील तसंच होतं. अंगावर खडूने आमच्या व्हॅनचा नंबर लिहिलेला, त्यांच्याच वळणदार अक्षरात.

"तेल गया नहीं," ते म्हणाले. "तेल यहाँ है. मैंने डाला ही नहीं."

मॅनेजर अवघडून हसले. "अरे कदम साहब, आप भी. आपसे ऐसा थोड़े ही—"

"मुझसे ही हुआ," काका म्हणाले. "पुराना निकाला, बूच लगा दिया, गाड़ी दे दी. लिखो." हे शेवटचं पोलिसाला. पोलीस लिहीना. काकांनी त्याच्या वहीवर बोट ठेवलं. "लिखो. ड्राइवर का कोई दोष नहीं. मिस्त्री रघुनाथ कदम का दोष."

मग ते रामसेवकच्या बायकोकडे वळले. ताठ उभे होते. त्यांनी हात जोडले. ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विश्वास न बसल्याचं आश्चर्य होतं. आम्हा सगळ्यांच्याच चेहऱ्यावर ते होतं. काका गप्प बसले असते तर कोणालाही, कधीही कळलं नसतं. गळती म्हटलं असतं तर विम्याच्या माणसाने सही केली असती. डबा आत फळीवर राहिला असता.

तेव्हा कुठे माझी जीभ सुटली. मी पोलिसाला म्हणाले, "ड्राइवर ने सुबह मुझे बताया था कि आवाज आ रही है. मैंने ही कहा, चलाओ." मॅनेजरनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वेड्यासारखं काही बोलले. पण मला त्यांची भीती वाटली नाही. मला भीती वाटत होती ती शेजारी उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाची, ज्याने स्वतःचं चाळीस वर्षांचं नाव एका मिनिटात मोडून आमच्यासमोर ठेवलं होतं.

रामसेवकवर तक्रार झाली नाही. माझ्याकडून व्हॅनचं काम काढलं, ते योग्यच होतं. काकांवर केस झाली, पुढे रामसेवकनेच लिहून दिलं की मला काही नको, आणि ती मिटली. दुकान मात्र काकांनी त्याच संध्याकाळी बंद केलं. लोक घरी समजावायला आले. इतक्या वर्षांत एक चूक, असं म्हणाले. काका म्हणाले, "एकच झाली हे तुम्हाला कोणी सांगितलं? मला तर आता आठवत नाही." हे ऐकून सुनंदा आत निघून गेली. तिने मग मला सांगितलं की वर्षभर ते हातावर यादी लिहीत होते : बूच, तेल, बोट, डबा. त्या शनिवारी चहाआधी हात पुसले, तेव्हा यादी पुसली गेली असणार.

म्हणजे माझा चहा. माझं पुणं. मी रात्रंदिवस त्याच विचारात होते. शेवटी एकदा जाऊन त्यांना सांगितलं, "काका, मी तुम्हाला मधेच उठवलं. मी बोलत बसले नसते तर..."

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "तुम्हाला आनंद झाला होता, तुम्ही बोललात. ऐकून झाल्यावर तेल भरायचं होतं, ते माझं काम होतं." मग म्हणाले, "कॉलेज चांगलं आहे ना मुलाचं?"

रामसेवक तीन महिने अंथरुणावर होता. काका रोज सकाळी किला गेटहून टेम्पोने त्याच्या घरी जायचे. पुढे त्याला व्यायामाला न्यायचे, कुबड्या घेऊन चालताना शेजारून चालायचे. पहिले काही दिवस रामसेवकने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं, असं त्याची बायको म्हणाली. काका स्टुलावर बसून राहायचे, तासभर, आणि उठून जायचे. दहा-बारा दिवसांनी रामसेवक म्हणाला, "दद्दा, धूप में बैठे हो, इधर सरक आओ." तेव्हापासून तो त्यांना, घरच्या वडीलधाऱ्याला म्हणतात तसं, दद्दाच म्हणायला लागला. पाय वाचला, आखूड झाला. शाळेने त्याला फाटकावर ठेवलं.

गेल्या माघात मी किला गेटला एका कामासाठी गेले होते. दुकानाच्या जागी आता मोबाइलचं काहीतरी आहे. मी गाडी लावून उतरले, तर समोरून काका येत होते. पांढरा सदरा, बाह्या दुमडलेल्या, पण सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. त्यांचा कोपर धरून शेजारी रामसेवक, लंगडत. सुनंदा ऑफिसला गेली की दुपारचं फिरवून आणणं त्याच्याकडे असतं, हे मला ठाऊक होतं. पण दोघांना असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"नमस्कार काका," मी म्हणाले.

त्यांनी नमस्कार केला. माझ्याकडे निरखून पाहिलं. डोळ्यांत काहीच हललं नाही. मग त्यांना माझ्या हातातली गाडीची किल्ली दिसली.

"गिअरबॉक्सचं काम आहे का?" त्यांनी अदबीने विचारलं. "मी आता करत नाही, बाई. दुसरा चांगला मिस्त्री बघा."

"नाही, नाही, काका, मी सहजच..."

"एकदा चुकलं होतं माझं," ते म्हणाले. आवाज खाली आणून, जसं एखाद्या अनोळखी माणसाला सावध करावं तसं. "तेल भरायचं राहिलं. एका ड्रायव्हरचा पाय मोडला त्यात. रामसेवक नाव होतं. फार भला माणूस होता हो."

मी रामसेवककडे पाहिलं. त्याने त्यांचा कोपर सोडला नव्हता. आमचं मराठी त्याला इतक्या वर्षांत कळायला लागलं आहे.

"ठीक है वो अब, दद्दा," तो म्हणाला. "चलता-फिरता है."

काकांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "सच? तू जानता है उसको?"

"हओ. जानता हूँ."

"मिले तो कहना, मैं आऊँगा," काका म्हणाले. "कल सुबह आऊँगा."

"कह दूँगा," रामसेवक म्हणाला. मग त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, येणाऱ्या टेम्पोला हात करून थांबवलं, आणि त्यांना सावकाश रस्त्यापलीकडे घेऊन गेला.